गाडी किती चालली ते राहू दे, कुठून आली ते सांगा

मोटरसायकलच्या सर्व्हिस बुकात सगळा हिशेब किलोमीटरचा असतो. इतक्या हजारांना ऑइल, इतक्या हजारांना एअर फिल्टर, तितक्यांना प्लग. डांबरी रस्त्यासाठी हा हिशेब ठीक आहे, कारण डांबरावरचे हजार किलोमीटर कुठलेही घेतले तरी साधारण सारखेच. पण मे महिन्यात वेल्ह्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ-उतार केलात, तर मीटरवर जेमतेम ६० किलोमीटर दिसतील. इंजिनाने मात्र पुण्याहून कोल्हापूर गाठण्याइतके फेरे मारलेले असतील, तेही वारा न लागता, धुळीत.

म्हणून कच्च्यात फिरणाऱ्या ड्युअल-स्पोर्ट गाडीची देखभाल करायची तर मीटर जरा बाजूला ठेवायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. धूळ किती खाल्ली? पाणी कुठवर लागलं? या गाड्यांचे बहुतेक बिघाड या दोन उत्तरांतून निघतात.

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नंबरप्लेट, दिवे, आरसे सगळं असलेली, डांबरावर रीतसर धावणारी, पण घडणीने कच्च्या रस्त्याची गाडी. यामाहाने १९६८ मध्ये डीटी-१ आणली आणि तिच्यामुळे हा प्रकार जगभर रुळला. आपल्याकडे हीरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली. ती जरा लवकरच आली आणि गेली. आज लोक जुनी शोधत फिरतात. २०१९ च्या मे महिन्यात एक्सपल्स २०० आली, २०२१ मध्ये तिची चार व्हॉल्व्हची आवृत्ती आणि २०२५ मध्ये २१०. इथे मी चार व्हॉल्व्हवाली २०० डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. तुमच्याकडे इम्पल्स असो की कावासाकीची केएलएक्स, काम तेच.

या एक्सपल्सचं इंजिन १९९.६ सीसीचं, एका सिलिंडरचं, हवा आणि ऑइल कूलर यांच्यावर थंड होणारं. वजन १६० किलोच्या आतबाहेर, म्हणजे पडली तर एकट्याने उभी करता येते. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. दोन्ही तारांची, आत ट्यूब. पुढचे शॉकप १९० मिलिमीटर खालीवर होतात, मागचा १७०. जाहिरातीत हे आकडे मिरवायला असतात. मालकाच्या दृष्टीने प्रत्येक आकड्यामागे एक काम आहे: तारा आहेत म्हणून त्या तपासायच्या, ट्यूब आहे म्हणून पंक्चर स्वतः काढायचं, शॉकप लांब आहेत म्हणून चेनचा ढिलेपणा वेगळ्या रीतीने मोजायचा.

फुफाटा

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो खरं, पण ते हवा कितीतरी जास्त पितं. वजनाने पाहिलं तर एक भाग पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा भाग हवा लागते. उन्हाळ्यात ही हवा म्हणजे निम्मा फुफाटा. कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ असो की घाटमाथ्यावरची करडी, शेवटी तो दगडाचा भुगा आहे. सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. त्यात हा भुगा मिसळला की सहाणेवर चंदन उगाळावं तसं इंजिन आतून उगाळलं जातं. एका दिवसात काही कळत नाही. काही महिन्यांनी ऑइल कमी व्हायला लागतं, सकाळी सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. तोवर काम बोअर-पिस्टनपर्यंत गेलेलं असतं.

आणि हे सगळं अडवायला मध्ये फक्त एक फिल्टर आहे.

फिल्टर दोन जातींचे. एक कागदी, घड्या घातलेला. यातल्या बऱ्याच फिल्टरांवर कारखान्यातच तेलाचा चिकट लेप दिलेला असतो, धूळ त्यावर चिकटावी म्हणून. असा फिल्टर हवेने झाडायचा नाही, धुवायचा तर नाहीच. भरला की बदलायचा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी बाहेरच्या बाजूने मारून ‘फिल्टर साफ केला’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या झोताने धूळ कागदातून आत ढकलली जाते आणि कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. कोरडा कागदी फिल्टर हवेने साफ करायचाच असेल तर आतून बाहेर, हलक्या दाबाने, तेही नवा मिळेपर्यंतची सोय म्हणून.

दुसरी जात फोमची. हा धुता येतो. रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात दाबून-दाबून धुवायचा, पिळून मुरगळायचा नाही, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि मग फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं लागेल असं चोळायचं. कोरडा फोम लावणं म्हणजे फिल्टर न लावण्यासारखंच. धूळ अडवण्याचं खरं काम तेल करतं.

फिल्टरपेक्षाही जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे त्याची कड. झाकण वाकडं बसलं, कडेचं रबर दुमडलं, स्क्रूचे आटे गेले की हवा फिल्टरला वळसा घालून आत जाते. याची परीक्षा सोपी आहे. फिल्टर काढा, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आत पांढरं फडकं बोटावर गुंडाळून फिरवा. फडकं पांढरंच राहिलं तर ठीक. मातकट झालं तर नवा फिल्टर घालूनही उपयोग नाही, आधी कड बघा. रबराच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवला तर फट बुजते. एअर बॉक्सच्या, म्हणजे फिल्टरच्या डब्याच्या, तळाशी एक लहान नळी बूच लावून लोंबत असते. तिच्यात पाणी किंवा ऑइल साचलेलं दिसलं तर ते सोडून द्या, आणि ते कुठून आलं ते शोधा.

एक गोष्ट कुठल्याच सर्व्हिस बुकात लिहिलेली नसते. चार-पाच जण एकत्र निघालात तर सगळ्यात मागच्याचा फिल्टर सगळ्यात आधी भरतो. पुढारपण करणारा सहा महिने फिल्टर चालवेल, त्याचं ऐकून शेपटाकडच्याने तसं करू नये.

चेनचा गैरसमज

‘चेन टाइट असली की गाडी टकाटक चालते’ हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये ऐकू येईल तिथे स्वतः उभं राहून काम करून घ्या. साध्या गाडीत मागचं चाक फारसं वरखाली होत नाही, म्हणून तिथे खपून जातं. इथे मागचा चिमटा, म्हणजे चाक धरणारा मागचा दांडा, मोठ्या कमानीत फिरतो. पुढचं चेनस्पॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), चिमटा ज्यावर फिरतो तो खिळा आणि मागच्या चाकाचा ॲक्सल हे तिन्ही एका सरळ रेषेत आले की त्यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त होतं आणि चेन सगळ्यात ताणली जाते. स्टँडवर उभ्या गाडीत तुम्ही चेन घट्ट केलीत, तर खड्ड्यात मागचा शॉकप दबला की चेनला जायला जागाच उरत नाही. तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, बेअरिंगवर आणि मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, पडतो. ऑइल सील गळायला लागतो आणि दोष सीलला दिला जातो.

खरी रीत अशी. एकाला गाडीवर बसवा, दुसऱ्याला मागे बसवा, तिन्ही बिंदू एका रेषेत येईपर्यंत शॉकप दाबू द्या. त्या स्थितीतही चेन बोटाने थोडी वरखाली हलली पाहिजे, साधारण एक सेंटिमीटर. मग त्यांना उतरवा आणि साइड स्टँडवर चेन किती ढिली आहे ते मोजून कुठेतरी लिहून ठेवा. चिमट्यावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात दिलेल्या मापाशी ते ताडून बघा. शॉकप बदलून लांब घातले असतील तर स्टिकरचा आकडा उपयोगाचा नाही, तुम्ही मोजलेला खरा. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघायचं आणि जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे माप घ्यायचं.

साफसफाईला रॉकेल आणि मऊ ब्रश. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली, चेन असेल तर पेट्रोल लावू नका, रिंगा फुगून खराब होतात. पुसून कोरडी केली की नव्वद नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने थेंबथेंब सोडा, चाक फिरवा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरचं पुसून टाका. हे शेवटचं पुसणं लोक गाळतात. ओली चेन फुफाट्यात गेली की तासाभरात तिच्यावर मातीचा थर बसतो. पावसात उलट गणित, तिथे तेल धुऊन जातं आणि दुसऱ्या सकाळी चेन तांबूस दिसते.

चेनस्पॉकेटचे दात एका बाजूला झुकलेले दिसले की पुढचं, मागचं आणि चेन असा अख्खा सेट बदलायचा. नुसती नवी चेन जुन्या दातांवर घातली तर ती पण लवकरच त्या दातांसारखी होते. चिमट्यावर चेनखाली प्लॅस्टिकची घसरपट्टी असते, ती झिजली आहे का तेही बघून घ्या. ती तुटली तर चेन थेट चिमटा कापते.

तारा, ट्यूब आणि पलीकडची जागा

तारांच्या चाकाचा मोठा गुण म्हणजे ते मार खातं, वाकतं आणि पुन्हा सरळ करता येतं. त्याची किंमत म्हणजे तारा सैल होतात. नव्या गाडीत पहिल्या काही शे किलोमीटरांत सैल होतातच, पुढे प्रत्येक दगडधोंड्यांच्या फेरीनंतर तपासायच्या. लहान पाना घेऊन एकेका तारेवर टिचकी मारत चाक फिरवा. ताणलेली तार टण्ण वाजते, सैल तार बद्द. कान लगेच सरावतो. सैल सापडली तर निप्पल (रिमपाशी तारेच्या टोकाला असलेला नट) पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि एकाच बाजूच्या तारा आवळत सुटू नका, नाहीतर रिम त्या बाजूला ओढली जाते. शॉकपच्या दांड्याला एक प्लॅस्टिकचा टाय बांधून त्याचं टोक रिमच्या जवळ आणा आणि चाक फिरवा. टोक आणि रिम यांच्यातलं अंतर बदलत असेल तर चाकाला आउट आहे. मिलिमीटरभर आउट या गाडीला काही करत नाही. जास्त असेल तर आउट काढणारा जुना कारागीर शोधा. सायकलच्या दुकानात असा माणूस अजून सापडतो. बऱ्याच तारा आवळल्या असतील तर पुढच्या वेळी टायर उघडल्यावर रिमच्या आतून बोट फिरवा. निप्पलमधून तारेचं टोक वर आलेलं असेल तर कानशीने घासून टाका, वर रिमटेप नीट बसवा. बाहेर काही टोचलेलं नाही आणि ट्यूब आतल्या बाजूने फुटलीय, या कोड्याचं उत्तर बहुधा तिथेच मिळतं.

आता हवा. डांबरावर पुढे २५ पीएसआयच्या आसपास आणि मागे त्याहून थोडी जास्त असते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आहे. कच्च्यात थोडी हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते, हाताला बसणारे धक्के कमी होतात. पण ट्यूब असताना १८-२० च्या खाली जाऊ नये. हवा फार कमी असली आणि दगडावर चाक आपटलं की टायर दबून ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. पंक्चर काढताना शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर खिळा शोधत बसू नका. हवा कमी होती, एवढाच त्याचा अर्थ. ब्रेक मारल्यावर टायर रिमवर घसरून ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, हा कमी हवेचा दुसरा प्रताप. म्हणून व्हॉल्व्हचा नट रिमशी आवळू नका, वर टोपीपाशी नेऊन ठेवा. टायर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि फाटायच्या आधी कळतं.

ट्यूब बदलणं हे या गाडीच्या मालकाला आलंच पाहिजे असं एक काम. ते ताकदीचं नाही. ताम्हिणीच्या अलीकडे एका पंक्चरवाल्यासमोर आमच्यातला एक जण दोन टायर लिव्हरांवर अख्खं अंग टाकून उभा होता; कड काही वर येईना. तो पोरगा चहा पीत बघत होता. शेवटी म्हणाला, “दादा, जोर नका लावू. पलीकडनं जागा द्या त्याला.” आणि गुडघ्याने टायरची समोरची बाजू खाली दाबली. कड सहज बाहेर आली.

त्या गुडघ्यात सगळं तंत्र आहे. रिमचा मधला भाग कडेपेक्षा खोल असतो. टायरच्या कडेचा घेर आतल्या तारेमुळे ताणला जात नाही, त्यामुळे एका बाजूने कड रिमवरून काढायची तर तिच्या बरोबर समोरची बाजू त्या खोलगट भागात घसरवावी लागते. तेवढी ढील इकडे मिळते. व्हॉल्व्हपाशी कड खोलात जाऊ शकत नाही, कारण मध्ये ट्यूबचा जाड भाग येतो. म्हणून काढताना व्हॉल्व्हपासून सुरुवात करायची, म्हणजे समोरची बाजू मोकळी असते. आणि बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. साबणाचं पाणी कडेला लावायचं, लिव्हर एका वेळी चार बोटांइतकाच पुढे सरकवायचा. नवी ट्यूब घालायच्या आधी तिच्यात थोडी हवा भरायची, नुसता आकार येण्यापुरती, नाहीतर लिव्हरने तीच फाटते. टायरच्या आत हात फिरवून काटा किंवा खिळा काढून टाकायचा राहिला तर हे सगळं पहिल्यापासून. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही, आतून बोटाला लागतो.

सोबत एकच ट्यूब ठेवायची असेल तर पुढची २१ इंची ठेवा. अडचणीत ती मागच्या १८ इंची टायरमध्ये थोडी दुमडून चालते, घर किंवा मोठं गाव गाठता येतं. उलटं जमत नाही.

ओढा

पाऊस सुरू झाला की आपल्याकडच्या गाड्यांची खरी परीक्षा. ओढ्यात गाडी घालायच्या आधी स्वतः पायी जाऊन या, कारण पाण्याखालचा दगड वरून दिसत नाही. पाणी कुठवर चालेल ते एअर बॉक्सचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. चाक अर्धं बुडालं तरी तोंड वर असेल तर इंजिन चालत राहतं.

गाडी पाण्यात आडवी झाली तर पहिलं काम म्हणजे इंजिन बंद करणं. उभी केली की लगेच स्टार्टर दाबायचा मोह होतो, तो आवरा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर जायला जागा नसते, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग दोन हजारांचं काम वीस हजारांवर जातं.

गाडी बाजूला घ्या. एअर बॉक्स उघडून पाणी काढा, फिल्टर भिजला असेल तर बाहेर काढा. प्लग काढा. वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा, प्लगच्या भोकातून पाणी पिचकारीने बाहेर येईल. येणं थांबेपर्यंत फिरवत राहा. सायलेन्सरमध्ये गेलेलं पाणी काढायला दोघांनी गाडी मागच्या चाकावर उभी करा. हलक्या गाडीचा हा फायदा. मग ऑइल बघा. रंग दुधाळ झाला असेल तर पाणी आत गेलंय, ते ऑइल घेऊन लांब जाऊ नका. बदला, थोडा वेळ नुसतं इंजिन चालवा, पुन्हा बदला. दुसऱ्यांदा बदलणं पैसे फुकट घालवणं वाटतं, पण पहिल्या वेळी पाणी सगळं निघत नाही.

पाण्याचा दुसरा त्रास हळू असतो. तापलेला हब थंडगार ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस असंच धुऊन जातं. चाक वरून आणि खालून धरून हलवा, कटकट आवाज आला तर बेअरिंग गेलं. हँडलचा कोनसेट तपासायला पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल सावकाश वळवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर ग्रीस गेलंय आणि खाचा पडल्यात. चिमट्याचा खिळा मात्र कुणीच उघडत नाही, आणि चिखलात सगळ्यात आधी तोच गंजतो. मेच्या शेवटी एकदा उघडून, पुसून, नवं ग्रीस भरून बसवा. दिवाळीनंतर पुन्हा.

एका वॉशिंग सेंटरवर माझ्या गाडीच्या हबवर वीत-दीड वीत अंतरावरून प्रेशरचा झोत मारलेला मी पाहिला आहे. ओढ्याने केलं नसतं ते त्या झोताने केलं. बेअरिंग, कोनसेट, चेनच्या रिंगा आणि वायरिंगचे जोड यांच्यावर झोत नको. चिखल ओला असताना साध्या पाईपने सोडवा. काळी माती मात्र वाळू देऊ नका. जिथे पुढचं मडगार्ड टायरच्या जवळ आहे तिथे ती अडकून चाकच जाम करते. कोकणातून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेने तारांची निप्पलं अशी धरतात की पुढे आवळताना तार तुटते पण निप्पल हलत नाही.

शॉकपच्या सीलमधून ऑइल झिरपायला लागलं की लोक लगेच नवा सील घालायला निघतात. आधी सीलवरची धुळीची टोपी वर सरकवा, पातळ प्लॅस्टिकची पट्टी सीलच्या आत घालून गोल फिरवा. बरेचदा एखादा मातीचा कण अडकलेला असतो. तो निघाला की गळती थांबते आणि तुमचे पैसे वाचतात.

पडल्यावर

ही गाडी पडणारच, त्यासाठीच हलकी आहे. हँडलवर क्लच आणि ब्रेकचे क्लॅम्प इतके आवळू नका की ते फिरणारच नाहीत. पडल्यावर क्लॅम्प फिरला तर लिव्हर वाचतो. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. उभी केल्यावर चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती स्टार्ट होत नाही. हे माहीत नसल्याने रानात प्लग खोलून बसलेली माणसं आहेत. हँडल सरळ धरलं आणि चाक तिरकं दिसलं तर काहीही वाकलेलं नसण्याची शक्यता जास्त. पुढचा ॲक्सल आणि शॉकपचे खालचे क्लॅम्प सैल करा, चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडलला झटका द्या, शॉकप दोन-तीनदा दाबा, मग आवळा.

ऑइल वगैरे

या इंजिनात ऑइल लिटर-सव्वा लिटर, आणि इंजिन, गिअर, क्लच तिघं मिळून तेवढ्यावर. कमी ऑइल लवकर थकतं. हळू चालताना कूलरला वारा मिळत नाही, तेव्हा तर आणखी लवकर. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं, ऑइलात बुडालेल्या म्हणजे ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ती खूण. कारचं ऑइल घातलं तर त्यातल्या निसरड्या मिश्रणांमुळे ओला क्लच घसरू शकतो. ड्रेन बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतो, त्याचे आटे जायला एक जोराचा हात पुरतो; नवा वायसर घाला आणि बेताने आवळा.

क्लचच्या लिव्हरला टोकाशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोकळीक हवी. चढावर अर्धा क्लच धरून गाडी ओढायची सवय असेल तर प्लेट जळण्याचा वास तुम्हाला ओळखीचा असेल. ब्रेक पॅड चिखलात झपाट्याने जातात, एका पावसाळी फेरीत निम्मे उडू शकतात, म्हणून परतल्यावर टॉर्च मारून बघा. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं; दोन वर्षांनी बदला.

टॅपेटबद्दल, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाबद्दल, एकच सांगतो. खडखड करणारा टॅपेट बरा, गप्प बसलेला वाईट. झिजून व्हॉल्व्ह आत बसत गेला की दोघांमधली फट कमी होते आणि आवाज उलट थांबतो. मग सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद न झाल्याने जळतो. फट इंजिन थंड असताना, रात्रभर उभी राहिल्यावर मोजायची. गरम इंजिनावर टॅपेट करून देणाऱ्याकडून टॅपेट करून घेऊ नका.

पिशवीत काय ठेवायचं याच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. माझ्या मते ट्यूब, लिव्हर, पंप, पॅच-सोल्युशन, क्लचचा लिव्हर आणि केबल, प्लग आणि त्याचा पाना, ॲलन की, पकड, तार आणि चिकटपट्टी एवढं पुरे. नवी केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुनीच्या शेजारी आधीच ओवून ठेवा, तुटली तर टोकं बदलली की झालं. मात्र निघायच्या आधी घरासमोर मागचं चाक एकदा फक्त त्या पिशवीतल्या हत्यारांनी काढून परत बसवून बघा. मागच्या ॲक्सलच्या नटाला लागणारा मोठा पाना त्यात नाही, हे बहुतेकांना त्या वेळीच कळतं.